अभ्यासवर्ग बंद पडू देऊ नका : महिला आघाडीचे निधीसाठी आवाहन

आघाडीच्या सर्व आजी-माजी कार्यकर्त्या, हितचिंतक आणि लग्नामुळे किंवा नोकरीमुळे तालुक्याबाहेर गेलेल्या आपल्या माहेरवाशिणी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे तर महिन्यापूर्वीच निघायला हवे होते. आधी अध्यक्षताईंचे आजारपण आले, मग मतदार याद्यांचे काम आले, आणि आता वर्गाला जेमतेम पाच आठवडे उरले आहेत. म्हणून मुद्द्याचे आधी सांगते. ग्रामपंचायतींवर निवडून आलेल्या नव्या महिला सदस्यांसाठी आपली आघाडी जो तीन दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग घेते, त्याला या वेळी 1 लाख 80 हजार रुपये लागणार आहेत. आज हातात 47 हजार आहेत. साठ जणींनी नावे दिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी तान्ही मुले घेऊन येणार आहेत, आणि त्यांना ‘येऊ नका’ असे कळवण्याची वेळ माझ्यावर येऊ नये.

जुन्यांना हा इतिहास पाठ आहे, तरी नव्या मुलींसाठी लिहिते. 24 एप्रिल 1993 रोजी 73वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. आपल्या तालुक्यातही बायका निवडून आल्या, पण ग्रामपंचायतीच्या सभेत त्यांच्या खुर्चीवर नवरा, दीर नाहीतर सासरे बसायचे. बाईची सही घ्यायला शिपाई घरी जायचा. ते पाहून आपल्या काकूंनी त्यांच्याच माजघरात पहिला वर्ग भरवला. अकरा जणी होत्या. फळा नव्हता, म्हणून दाराच्या फळीवर खडूने लिहिले होते.

काकू लग्नाआधी गिरगावात राहायच्या आणि 1972 च्या महागाईविरोधी आंदोलनात मुंबईच्या रस्त्यावर लाटणे घेऊन उतरलेल्या होत्या. त्या आंदोलनाच्या नेत्या मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते या एका पक्षाच्या नव्हत्या. तेल, साखर, रॉकेल मिळेना तेव्हा त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र येऊन सरकारला जाब विचारला. काकू ती हकीकत सांगत, पण लाटण्यापाशी थांबत नसत. मोर्चाच्या आधी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी चाळीतल्या घराघरांत जाऊन काय भावाने काय घेतले हे वहीत उतरवून आणायच्या. “आधी वही, मग घोषणा,” हे वाक्य त्यांनी पहिल्याच वर्गात सांगितले आणि तेव्हापासून आपल्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी कोरी वही मिळते. काकू आज नाहीत. वही अजून देतो.

त्या वहीत काय लिहिले जाते, हे बाहेरच्यांना कळत नाही. नमुना 5 म्हणजे ग्रामपंचायतीची रोकडवही आणि ती बघायला मागता येते, हे तिथे लिहिले जाते. नमुना 8 मध्ये घरांची कर आकारणी असते. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला हवा. निकालानंतर 30 दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशोब दिला नाही तर पुढची निवडणूक लढवायला अपात्र ठरवले जाऊ शकते. सलग सहा महिने परवानगीशिवाय सभेला गैरहजर राहिले तर सदस्यत्व जाते. बाळंतपणात सभा चुकलेल्या आपल्याच एका सदस्येचे पद याच कारणाने जायची वेळ आली होती. तिने वेळेत रजेचा अर्ज दिला, कारण अर्ज कसा लिहायचा हे ती वर्गात शिकली होती.

मागच्या वर्गाला आलेली एक सून घरी गेल्यावर पहिल्याच मासिक सभेत उठून म्हणाली, “ग्रामसेवक भाऊ, रोकडवही दाखवा.” तिच्या सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला. आता तेच सासरे तिला सभेची आठवण करून देतात. अशा हकीकती माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण पत्र लांबेल.

आता देणाऱ्यांविषयी लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. कन्याशाळेच्या आपल्या मुख्याध्यापिका बाईंना नोकरीत असताना राजकीय पक्षाच्या संघटनेला देणगी देता येत नव्हती. त्या नियमाबाहेर कधी गेल्या नाहीत. सेवानिवृत्तीच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला त्या कार्यालयात आल्या आणि पाच हजारांचा चेक टेबलावर ठेवून म्हणाल्या, “बावीस वर्षांची थकबाकी आहे.” पेठेतल्या कापड दुकानाच्या अण्णांनी दिलेल्या आठ सतरंज्या अजून टिकल्या आहेत, फक्त एक उसवली आहे. खालच्या आळीतल्या बचतगटाच्या बायकांनी ठराव करून आपल्या व्याजातले अडीच हजार दिले, आणि ठरावाची प्रतही जोडली. ती प्रत आम्ही वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवतो. मंडपवाल्या दादांनी दोन वेळा भाडे घेतले नाही. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ग्रामसभेच्या नियमांची छोटी पुस्तिका वाटायची असे ठरले, तेव्हा छपाईचा सगळा खर्च आपल्या डॉक्टर वहिनींनी उचलला आणि पुस्तिकेवर नाव टाकू दिले नाही. विरोधी पक्षातल्या एका माजी सभापती बाईंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ वर्गासाठी वह्या दिल्या. त्यांचे नाव छापले तर त्यांनाच अडचण होईल, म्हणून छापत नाही, पण त्या वह्यांवर शिकलेल्या मुलींना त्या माहीत आहेत.

ही माणसे डोळ्यांसमोर आहेत म्हणूनच मागच्या वर्षीचे शल्य जास्त लागते. आम्ही 140 पत्रे हाताने लिहून पाठवली होती. उत्तरे नऊ आली. दोन ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी भर सभेत व्यासपीठावरून आकडे जाहीर केले, टाळ्याही झाल्या, पण ती रक्कम आजपर्यंत आलेली नाही. मोठी सभा असली की रात्री दहा वाजता फोन येतो, “ताई, सकाळी दोन गाड्या महिला हव्यात,” आणि आम्ही त्या भरून देतो. रणरणत्या उन्हात चार-चार तास बायका बसतात. वर्गाचे नाव काढले की मात्र “बघू” असे उत्तर मिळते. मी हे रागाने लिहीत नाही. पण वाईट वाटले, आणि ते लपवावे असे मला वाटत नाही. सगळ्यात जास्त लागले ते आपल्याच वर्गात शिकून पुढे मोठ्या पदांवर गेलेल्या दोघी-तिघींनी पत्राची पोचही दिली नाही याचे.

पुढे काय येते आहे तेही बघा. 2011 पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. 2024 च्या लोकसभेत मात्र 543 पैकी फक्त 74 स्त्रिया निवडून गेल्या. लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा सप्टेंबर 2023 मध्ये संसदेने मंजूर केला. पहिले विधेयक 1996 मध्ये आले होते, म्हणजे 27 वर्षे लागली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो अमलात येईल. त्या दिवशी सगळ्याच पक्षांत विचारले जाईल, “लायक बायका आहेत कुठे?” तेव्हा पुढाऱ्यांच्या लेकी-सुनांची यादी तयारच असेल. त्या यादीशेजारी ठेवायला दहा वर्षे ग्रामपंचायत चालवलेल्या, अंदाजपत्रक वाचता येणाऱ्या बायकांची यादी आपल्याकडे हवी. ती यादी ऐन वेळी बनत नाही. मला या वर्गाची इतकी घाई का आहे, तर यासाठी.

देणगीबद्दल थोडक्यात : एका महिलेचा तीन दिवसांचा राहणे, जेवण, वही-पुस्तिका आणि एसटी भाडे मिळून खर्च 3,000 रुपये, तेवढा एकीचा उचललात तरी चालेल. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख घेता येत नाही, चेक किंवा ऑनलाइनच द्यावी, चेक पक्षाच्या नावे, मागे ‘अभ्यासवर्ग’ लिहावे. पॅन क्रमांक कळवावा. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यांना रोख नसलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते. वर्षाला 20,000 च्या वर दिल्यास नाव निवडणूक आयोगाकडे जाणाऱ्या अहवालात येते. सरकारी नोकरीत असलेल्यांकडून आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून देणगी घेता येत नाही, कृपया गैरसमज नसावा. पावती खजिनदार वहिनींकडूनच घ्यावी, पावतीशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत. तांदूळ, डाळ, तेल, गूळ चालेल, वर्गाच्या चार दिवस आधी कार्यालयात पोचवावे. पाळणाघर सांभाळायला सहा जणी आणि स्वयंपाकाला पाच जणी हव्यात, नावे या महिनाअखेरपर्यंत. हिशोब वर्ग संपल्यावर पंधरा दिवसांत कार्यालयाच्या फलकावर लागेल, नेहमीप्रमाणे.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी आपल्या गावातल्या नव्या सदस्येला वर्गाला पाठवावे. तिच्या घरच्यांशी बोलायला कोणीतरी मोठे माणूस लागते. तुम्ही एकदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलात तर तिचे तीन दिवस सुटतात.

आपली,
सचिव, तालुका महिला आघाडी

ता. क. मागच्या वर्षीची तीन पावतीपुस्तके अजून परत आलेली नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी, एकही पावती फाडलेली नसली तरी, पुढच्या बैठकीला घेऊन यावीत. हिशोब तपासणीस त्यांच्यासाठी खोळंबले आहेत.