हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलीकडून मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. माझा थीसिस सबमिट झाला. त्यात शेवटी एका पानावर स्वतःची शैक्षणिक माहिती द्यायची असते ती परवा लिहिली. बीई, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, सोलापूर. मास्टर्स, न्यूरल इन्फर्मेशन प्रोसेसिंग, ट्युबिंगन (जर्मनी). पीएचडी, कॉम्प्युटर आणि ह्यूमन व्हिजन, ट्युबिंगन. एवढंच. वाचणाऱ्याला वाटेल पोरगी एकेक पायरी चढत सरळ वर आली. पण पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे जे झालं ते लिहायला त्या पानावर जागाच नाही, आणि ते सगळं तुमच्यामुळे, तुमच्या मेडिकल कॉलेजातल्या बुधवारच्या प्रॅक्टिकलमुळे झालं, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तर "अगं त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय संपवला असता.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट होता कॅमेऱ्याने गाडीची नंबरप्लेट वाचायचा. प्लेटवर झाडाची सावली पडली की प्रोग्रॅम गंडायचा, आणि आम्ही पोरं मात्र तीच प्लेट लांबून आरामात वाचायचो. का? हे शोधता शोधता मला अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲडेलसन यांनी १९९५ मध्ये केलेलं ते बुद्धिबळाच्या पटाचं चित्र सापडलं, ज्यात सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन हे खरं तर अगदी एकाच करड्या रंगाचे असतात पण आपल्याला काही केल्या तसे दिसत नाहीत. मी दोन्हींची पिक्सेल व्हॅल्यू काढून बघितली, सेम. मी अक्षरशः पळत गाइड सरांकडे गेले. ते म्हणाले, सिलॅबसमध्ये आहे का हे? वरच्या सरांकडे गेले तर ते म्हणाले की डोळ्यांचंच करायचं होतं तर मेडिकलला जायचं होतं, इकडे एक सीट कशाला अडवलीस. चार पोरांसमोर म्हणाले. मॅडम, मला उत्तर नाही मिळालं याचा राग नाही, सगळ्यांना सगळं येत नसतं, पण "मला माहीत नाही, अमक्याला विचार" एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं?

तुमच्याकडे मी कुणाच्याही ओळखीने आले नव्हते. मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवतात आणि त्यात डोळा असतो, एवढ्याच माहितीवर आले. तुम्ही प्रॅक्टिकलची तयारी करत होतात. माझं सगळं बोलणं उभ्या उभ्या ऐकून घेतलंत, मधेच तोडलं नाहीत, आणि म्हणालात, बुधवारी पेरिमेट्री आहे, ये. (पेरिमेट्री म्हणजे डोळा न हलवता चहूकडे कुठपर्यंत दिसतं ते मोजणं.) पत्र आण, परवानगी आण, यातलं काही नाही.

आता ती गोष्ट, जी तुम्हाला बहुतेक आठवतही नसेल. मी शेवटच्या स्टुलावर बसायचे. सगळे पांढऱ्या एप्रनमधे, मी एकटी साध्या ड्रेसमधे, कुणीतरी मागं वळून बघायचं, ही कोण. तुम्ही सुरुवातीला रोल नंबर घ्यायचात, एक, दोन, तीन, आणि तेवढा वेळ मी खाली बघत बसायचे कारण त्या यादीशी माझा काही संबंधच नव्हता. आणि एका बुधवारी शेवटचा नंबर झाल्यावर तुम्ही रजिस्टर मिटलं नाहीत. पेन तसंच हातात धरून मान वर करून माझं नाव घेतलंत. नुसतं नाव, नंबर नाही. मला कळायलाच क्षणभर गेला, मग मी "प्रेझेंट मॅडम" म्हणाले आणि तुम्ही मान हलवून पुढे शिकवायला लागलात. त्यानंतर प्रत्येक बुधवारी घेतलंत. त्या दिवसापासून ती पोरंही मला "ही कोण" म्हणून बघायची थांबली, जर्नल दाखवायला लागली, चहाला हाक मारायला लागली. माझ्या स्वतःच्या कॉलेजात हजेरी म्हणजे डिटेन्शनची भीती होती, आणि इथे जिला मला मोजायची काहीही गरज नव्हती ती बाई मला मोजत होती. मॅडम, हे लिहितानाही डोळे भरून येतायत.

आणि ती पेरिमेट्री! लिस्टरचा पेरिमीटर, हनुवटी टेकवून एक डोळा झाकून मधल्या खुणेकडे बघत राहायचं आणि बाजूने पांढरा ठिपका आत सरकत आला की "दिसला" म्हणायचं. कानाच्या बाजूला ९० अंशांच्याही पलीकडे दिसतो, नाकाच्या बाजूला साधारण ६०, आणि कानाच्या बाजूलाच १५ अंशांच्या आसपास अचानक गायब होतो कारण तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नुसती नस बाहेर पडायची जागा आहे. पांढऱ्याच्या जागी रंगीत ठिपका लावला की क्षेत्र आणखी आक्रसतं. तुम्ही मला विचारलं होतंत, दिसला म्हणालीस, पण काय दिसलं ते सांगता येईल का? नाही येत. कडेला काहीतरी आहे हे कळतं, काय आहे ते कळत नाही. या एका प्रश्नावर माझी पीएचडी उभी आहे, खरंच सांगते. डोळ्याच्या कडेने बघताना एखादं अक्षर एकटं असेल तर वाचता येतं आणि शेजारी दुसरी अक्षरं आली की त्याचा चिखल होतो, आणि जितकं कडेला जाल तितकं अक्षरांमधलं अंतर जास्त लागतं, अक्षर नजरेच्या मध्यापासून जितक्या अंशांवर असेल साधारण त्याच्या निम्मं, हे संशोधक बाउमा यांनी १९७० मध्येच दाखवलंय. मी हेच माणसांवर आणि न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे फोटो ओळखायला शिकवलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर, शेजारी शेजारी तपासते. इथल्याच, ट्युबिंगनच्या लोकांनी २०१९ मध्ये दाखवलं की मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवली तर आपण मांजर म्हणतो आणि मशीन हत्ती म्हणतं. दोघांनाही "दिसतं" म्हणायचं आणि तरी दोघांचं बघणं इतकं वेगळं, याचं मला अजूनही तितकंच नवल वाटतं.

मधे वाईट काळ पण होता. एका नावाजलेल्या संस्थेत इंटरव्ह्यूला समोरच्यांनी माझा फॉर्म उलटसुलट करून सांगितलं की बॅकग्राउंड मॅच होत नाही, ना धड इंजिनियर ना धड बायॉलॉजी. तेव्हा मला या विषयाचा इतिहास माहीत असता तर तिथेच उत्तर दिलं असतं. डेव्हिड मार मुळात गणिताचे, मग मेंदूकडे वळले, मग थेट एमआयटीच्या एआय लॅबमध्ये, ३५ व्या वर्षी वारले आणि त्यांचं पुस्तक मागून १९८२ ला आलं, आमचं अख्खं क्षेत्र अजून त्यांच्या मांडणीवर बोलतं. ह्यूबेल आणि वीझल दोघं डॉक्टर, त्यांनी १९५९ मध्ये मांजराच्या मेंदूत रेषेची दिशा ओळखणाऱ्या पेशी दाखवल्या, त्यावरून जपानमध्ये एनएचके या प्रसारण संस्थेतले इंजिनियर फुकुशिमा यांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन नावाचं आकार ओळखणारं नेटवर्क बांधलं, आणि आजची फोटो ओळखणारी कितीतरी नेटवर्क त्याच घराण्यातली. आमच्या ट्युबिंगनमध्ये राइशार्ट होऊन गेले, ते फिजिक्सवाले, त्यांचे जोडीदार हासेनश्टाइन बायॉलॉजीवाले, दोघांनी एका किड्यावर प्रयोग करून हालचाल कशी कळते याचं मॉडेल १९५६ मध्ये मांडलं. या विषयात बॅकग्राउंड मॅच होणारी माणसं आहेत तरी कुठे?

मॅडम, मी खूप विचार करते की काही माणसं दार उघडं ठेवतात आणि काही लोकांना दार बंद करण्यातच आपलं पद आहे असं वाटतं, हे कशामुळे होतं. पगार तर दोघांना मिळतोच. तुम्हाला माझ्याकडून काहीच मिळणार नव्हतं, ना रिझल्टमधे माझं नाव, ना पेपर. उलट कुणी बाहेरची मुलगी का बसते म्हणून विचारलं असतं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागलं असतं. अशा लोकांचा सत्कार कुठे होत नाही, पण शाळा कॉलेजं चालतात ती याच लोकांवर. सोलापुरात, लातुरात, नांदेडला, कुठेही जा, असं एखादं माणूस असतंच, आणि ज्यांना ते वेळेवर भेटलं त्यांनी ते नावानिशी नाही तरी जाहीर बोलून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

थीसिसची छापील प्रत पोस्टाने पाठवतेय. तिसरं प्रकरण आधी वाचा, पेरिमेट्री त्यात आहे, आणि चुकलं असेल तिथे लाल पेनाने खूण करा, नेहमीसारखी. डिफेन्स, म्हणजे थीसिसची तोंडी परीक्षा, ऑनलाइन बघता येईल, तुमच्याकडे दुपार असेल, प्रॅक्टिकलची वेळ टाळूनच ठरवते. प्रश्न विचारायची सगळ्यांना मुभा असते. तुम्ही एक तरी विचाराच.

तुमची विद्यार्थिनी