‘द्या इकडे’ न म्हणणाऱ्या मुलीस

चि. आमच्या वरच्या खोलीतल्या मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नाव घालू नका म्हणालीस म्हणून घालत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिणार, हे तुला फोनवर सांगितलं होतं. तू ‘काकू, काहीतरीच!’ म्हणून हसलीस. हस. मी लिहितेय.

पत्रास कारण की, परवा ह्यांनी पहिल्यांदा माझ्या हातून फोन काढून घेतला नाही. लाइटबिल भरत होते, कुठेतरी अडकले, थोडा वेळ खुडबुडले आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘जरा बघतेस?’ आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला तू आठवलीस.

आमच्या घरात एक वाक्य फार चालतं: ‘दे इकडे.’ टीव्हीचा रिमोट, एटीएमचं कार्ड, गॅसचं रेग्युलेटर, फोन. मी एखाद्या गोष्टीशी पाच मिनिटं झगडताना दिसले की कोणीतरी ‘दे इकडे’ म्हणतं, दोन सेकंदांत काम होतं आणि मी होते तिथेच राहते. मुलगा बंगळुरूहून येतो तेव्हा तर फार प्रेमाने म्हणतो. त्या वाक्यात वाईट काहीच नाही गं, म्हणूनच त्याच्यावर रागावताही येत नाही.

तू वरची खोली भाड्याने घेतलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात टीव्हीखालच्या मशीनवरचा क्रोशाचा रुमाल उचलून विचारलंस, ‘काकू, हे चालतं?’ सासूबाईंचं शिवणाचं मशीन ते. त्या गेल्यानंतर मी दोनदा चालवून बघितलं. कापडाच्या वर टीप ठीक, आणि उलटून पाहावं तर खाली धाग्याचा हा एवढा गुंता. पुढे चाकही फिरेना. एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने मशीनकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि ‘भंगारात घाला, नवीन घ्या’ म्हणून सांगितलं. मग त्याच्यावर रुमाल आला, रुमालावर टीव्ही आला.

तुला वाटलं असतं तर तू एका रविवारी ते दुरुस्त करून दिलं असतंस, इंजिनिअरिंगची मुलगी तू. त्याऐवजी मला विचारलंस, ‘त्याला नेमकं काय होतंय ते सांगा.’ मी म्हटलं, बिघडलंय. तू म्हणालीस, ‘बिघडलंय असं फोनला सांगितलं तर तो जगातली सगळी बिघडलेली मशीनं दाखवेल. तब्येत सांगता तसं सांगा.’ तेव्हा मी दोन तक्रारी बोलून दाखवल्या: चाक जाम आहे, आणि वरची टीप बरी पण खाली धाग्याचा गुच्छा होतो. तूच सुचवलंस की हिंदीतही बोलून बघा, दुरुस्तीचं बरंचसं हिंदीत असतं. आणि एक नियम घातलास: तीन वेगवेगळ्या माणसांचे व्हिडिओ बघितल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. तिघंही तेच करत असतील तर करायचं. एकटाच काही वेगळं सांगत असेल, आणि वर काही विकतही असेल, तर त्याला राम राम. हा नियम मी आता औषधाच्या बाबतीतही लावते, पण तो विषय वेगळा.

चाकाचं कारण पहिल्याच संध्याकाळी कळलं आणि मी तुझ्यासमोर लाजले. सासूबाई गेल्यावर मीच त्यात खोबरेल तेल घातलं होतं. घरात होतं, घातलं. खायचं तेल यंत्रात घातलं की ते कालांतराने वाळून चिकट डिंकासारखं होतं, शिवाय खोबरेल तर चोविसेक अंशाच्या खाली थिजतंच, आणि आपण बसलो होतो उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आठवड्यात. माळ्यावर स्टोव्हच्या काळातलं अर्धी बाटली रॉकेल निघालं. जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे थेंब थेंब सोडायचं, चाक हलेल तेवढं मागेपुढे करायचं, पिवळा राप बाहेर आला की चिंधीने पुसायचा. तीन दिवस हेच. बाहेर गच्च्यांवरून पतंग कापल्याच्या, ‘काइपो छे’च्या आरोळ्या आणि आत मी रॉकेलच्या वासात. चौथ्या दिवशी चाक पूर्ण फिरलं, मग मशीनचं खरं तेल घातलं. ‘कर्र’ गेलं आणि ‘टिकटिक’ आली. तो आवाज मी नऊ वर्षांनी ऐकला.

पण गुंता होताच. आता बघ, गुंता खाली दिसतो म्हणून मी बॉबिनच्या, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाच्या मागे लागले. बॉबिन बदललं, त्याची डबी पुसली, कापड पुढे सरकवणाऱ्या दातऱ्यांमधला कापसाचा लगदा दात कोरायच्या काडीने काढला. तू समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला वाटलं, थंडी वाजतेय. नंतर कळलं की हात आवरायचा तो तुझा उपाय होता! तिसऱ्या व्हिडिओतला तो दुकानदार (त्याचं तोंड कधी दिसत नाही, नुसते हात दिसतात आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात) म्हणाला, खाली गुच्छा झाला की नव्वद टक्के वेळा दोष वरच्या धाग्यात. त्याचा नव्वदचा हिशोब त्याच्यापाशी, पण कारण त्याने पटेल असं दाखवलं. वरचा धागा दोन चकत्यांच्या मधून जातो. चकत्यांनी तो आवळून धरला नाही, तर तो खाली सैल सुटत राहतो आणि तिथेच गोळा होतो. खालच्या बिचाऱ्या बॉबिनचा काही अपराध नसतो.

मग त्या चकत्या उघडायच्या ठरल्या. इडलीपात्राची कल्पना माझी, हे इथे नोंदवून ठेवते. चार ताटल्या, सोळा खळगे. जो भाग आधी निघेल तो पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात, आणि दर वेळी फोनने फोटो. पेच सैल केला आणि ती निमुळती स्प्रिंग उडाली! टण्ण करून कुठेतरी पडली. तू उठलीस, मला वाटलं आता शोधून देशील. तू टॉर्च लावून माझ्या हातात दिलास आणि परत खुर्चीत. मी चौसष्टाव्या वर्षी पोटावर झोपून कपाटाखाली फ्रिजवरचा लोहचुंबक फिरवत होते. ह्यांनी दारातून बघितलं आणि तेच म्हणाले, ‘दे इकडे.’ तू म्हणालीस, ‘काका, त्या करतायत.’ एवढंच. ते गेलेसुद्धा.

आणि चकत्यांच्या मध्ये काय होतं? बोटाच्या पेराएवढा लाल दोऱ्याचा तुकडा, घडी होऊन अडकलेला. त्यामुळे चकत्या मिटतच नव्हत्या. मी लाल दोरा कधी वापरला नाही. सासूबाई वापरायच्या, धाकट्या वन्संच्या मुलीचं परकर-पोलकं शिवलं होतं तेव्हा. त्यांनी शेवटचं शिवलेलं तेच असावं. तो तुकडा मी देवघरातल्या कुंकवाच्या डबीत ठेवलाय, तुला सांगितलं नव्हतं.

जोडताना साडेबारा वाजले. चकत्या मी वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवतो तशा बसवल्या. चुकलं. त्या पाठीला पाठ लावून बसतात, म्हणजे कडा बाहेर उघड्या राहतात आणि धागा सरकत आत जातो. हे मला व्हिडिओ पाऊण वेगाने लावून, थांबवून, दहा-दहा सेकंद मागे नेऊन दिसलं. (पाऊण वेगाने तो दुकानदार दोन घोट घेतल्यासारखा बोलतो.) तू मान खाली घालून झोपल्याचं सोंग करत होतीस. चूक तुला आधीच दिसली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

सुईचंही असंच. सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, ती कुठे हवी हे मी पाठ करत बसायची. मग कळलं, पाठ करायचं कारण नाही: धागा ज्या बाजूने नेढ्यात शिरतो त्या बाजूला सुईला लांब खाच असते, धाग्याला बसायला, आणि सपाट बाजू तिच्या बरोबर उलटी. आमच्या मशीनला धागा उजवीकडून ओवायचा, म्हणून सपाट बाजू डावीकडे.

मशीनच्या पाटावरचा नंबर तू वाचायला लावलास तो दिवसही आठवतो. वाय अक्षराने सुरू होणारा. मशीन सिंगर कंपनीचं; सिंगरने १९०० पासून नंबराआधी अक्षरं घातली, आणि वाय म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या सिंगरच्या मूळ पुस्तिका फुकट ठेवल्या आहेत. आमच्यासारख्या मशीनची पुस्तिका उतरवून घेतली. इंग्रजी अर्धं कळलं, चित्रांवरचे बाण सगळे कळले.

तेव्हा मी तुला सांगितलं होतं की माझे आजेसासरे तुझ्याच कॉलेजात शिकले. तू म्हणालीस, कसं शक्य आहे, युनिव्हर्सिटी १९४९ ची. युनिव्हर्सिटी १९४९ ची, पण तुझं इंजिनिअरिंग ज्यातून निघालं ते बडोद्याचं कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलं. त्रिभुवनदास गज्जर पहिले प्रमुख. सुतारकाम, रंगकाम, चित्रकला, यंत्रकाम, आणि तेही इंग्रजी न येणाऱ्याला त्याच्या भाषेत शिकता यावं ही गज्जरांची धडपड. दादासाहेब फाळके तिथलेच. आजेसासरे रंगकाम शिकले आणि आयुष्यभर निळी नखं घेऊन हिंडले म्हणतात. तू रोज त्या इमारतीत जायचीस आणि घरी येऊन मला दुकानदाराच्या हिंदीतून यंत्रकाम शिकवायचीस, ह्याची मला फार गंमत वाटायची.

पुढचं तुला माहीत आहेच. नळाचा वॉशर, प्रवासी बॅगेची चेन, मिक्सरच्या भांड्याखालचं रबर. क्रोशा मात्र जमला नाही. मी डावखुरी आणि शिकवणारी उजवी, आठ फुलं केली ती आठ आकारांची. तो नाद सोडला. यूट्यूबवरून बासरी शिकायचं मनात आहे, ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तू पुण्याला गेल्यानंतरच्या नवरात्रात खालच्या मजल्यावरची मुलगी गरब्याचा घागरा, चनिया, घेऊन आली. सहा मीटरचा घेर, अर्धी लेस सुटलेली, रात्री गरबा. ‘मासी, आ करी आपशो?’ (मावशी, हे करून द्याल?) मी म्हटलं, बस, तूच कर, मी सांगते. तिने सुई ओवायला घेतली, धागा नेढ्यापाशी तीनदा वाकला, आणि माझ्या तोंडून निघालंच: ‘दे इकडे.’ वीस मिनिटांत लेस लावून दिली. ती खूश होऊन गेली आणि मी हळहळत बसले. तू ते सोळा-सतरा संध्याकाळी कसं केलंस? मला एक संध्याकाळ जमलं नाही. मांड्यांखाली हात दाबले की दुखतात का गं?

ती मुलगी दिवाळीनंतर शिकायला येणार आहे, शनिवारी. या वेळी हातात वाटाण्याच्या शेंगा घेऊन बसणार आहे, सोलत.

तुझी निळी जीन्स इथेच राहिलीय. खालून दीड इंच आत घेतलीय, सोळा नंबरची सुई लावून. चार पदर एकावर एक येतात तिथे चाक हाताने फिरवलं, नाहीतर सुई मोडते. एका पायाची टीप जराशी वाकडी आहे. उसवून परत घालायची असेल तर तू आलीस की दाखवते, मशीन आता टीव्हीखाली नाही, खिडकीशी आहे.

तुझी,
खालची काकू
वडोदरा