प्रोबायोटिकआधी अँटिबायोटिककडे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आतड्यातले जिवाणू आणि गंभीर संसर्ग यांच्या नात्यावर हल्ली बरेच छापून येते आणि बहुतेक मजकूर प्रोबायोटिक (उपयुक्त मानलेले जिवंत जिवाणू) घेण्याच्या सल्ल्यापाशी येऊन थांबतो. त्या सल्ल्याला पुरेसा पुरावा नाही, म्हणून हे पत्र.

नेदरलँड्स आणि फिनलंडमधील १० हजारांहून अधिक लोकांच्या शौचाच्या नमुन्यांचा अभ्यास २०२४ साली 'द लॅन्सेट मायक्रोब'मध्ये आला. ब्युटिरेट (तंतुमय पदार्थ आंबून बनणारे आम्ल) तयार करणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलेल्यांना संसर्गामुळे रुग्णालयात दाखल होण्याचा वा मृत्यूचा धोका डच गटात २५, तर फिनिश गटात १४ टक्क्यांनी कमी आढळला. यावरून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

यामागची यंत्रणा मात्र प्रयोगांतून बरीच उलगडली आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ब्युटिरेट वापरून ऊर्जा मिळवतात आणि त्यात ऑक्सिजन खर्ची पडतो. म्हणून आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ पोचतच नाही. अँटिबायोटिकने ब्युटिरेट बनवणारे जिवाणू मेले, की या पेशी दुसऱ्या इंधनाकडे वळतात, ऑक्सिजन आत झिरपतो आणि तो वापरू शकणाऱ्या ई. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला या रोगकारक जिवाणूंचे फावते. त्यांची संख्या वाढली आणि अस्तरही दुबळे झाले, तर ते रक्तात उतरू शकतात. स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या उंदरांना आजारी पाडायला एरवीच्या लाखभर साल्मोनेलांऐवजी दहाहून कमी पुरतात, हे जुन्या प्रयोगांतच दिसले होते.

प्रोबायोटिकच्या कॅप्सुलांत बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू असतात. ब्युटिरेट बनवणारे फिकॅलिबॅक्टेरियम किंवा रोझब्युरिया हवेत तग धरत नाहीत, म्हणून ते कॅप्सुलांत सहसा नसतात. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिकने काही जणांत कमी होतात, हे खरे. पण २०१८ च्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. २०२१ साली व्हेंटिलेटरवरील २,६५० रुग्णांवरच्या चाचणीत प्रोबायोटिकने न्यूमोनिया कमी झाला नाही. काहींच्या तर रक्तात प्रोबायोटिकमधलाच जिवाणू सापडला. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, ज्यांना सेंट्रल लाइन (मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी) लावली आहे, त्यांना नातेवाइकांनी परस्पर अशी कॅप्सूल देऊ नये. दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात जाणे अधिक मोलाचे, कारण ब्युटिरेट त्यांच्यापासूनच बनते.

मुख्य प्रश्न अँटिबायोटिकच्या वापराचा आहे. सर्दी, फ्लू यांसारख्या विषाणूजन्य आजारात ते काहीच करत नाही, आतड्यातले जिवाणू मात्र मारते. म्हणून डॉक्टरांना नि:संकोच विचारा: हे नक्की जिवाणूमुळेच झाले आहे का? किती दिवस घ्यायचे? याहून मर्यादित जिवाणूंवर काम करणारे औषध चालेल का? उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारपणासाठी ठेवू नका. याचा अर्थ गरज असताना टाळाटाळ करावी असा मुळीच नाही. तापाबरोबर धाप, असंबद्ध बोलणे किंवा लघवी फार कमी होणे, अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो तेव्हा) पहिल्या तासात अँटिबायोटिक मिळणे जिवाचा प्रश्न असतो.

अँटिबायोटिक चालू असताना किंवा नंतरच्या तीन महिन्यांत दिवसाला तीन किंवा अधिक पातळ जुलाब झाले, तर क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या आतड्याला सूज आणणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाची शक्यता धरावी. आधी घेतलेल्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना सांगा आणि जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी मनाने घेऊ नका. तपासणी फक्त पातळ शौचाची करतात. लक्षणे नसताना ती 'पॉझिटिव्ह' आली, तरी उपचार लागत नाहीत. या जिवाणूचे बीजाणू (त्याचे टणक कवचातले सुप्त रूप) अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत आणि शौचालय क्लोरीनयुक्त ब्लीचने पुसावे.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक