वासरकाका, थँक्यू (उशिराच)

प्रिय वासर क्लेमेंट्सकाका,

काका म्हटलेलं चालेल ना? तुम्ही अमेरिकेतले नावाजलेले फिडलवाले (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच), 2005 च्या ऑगस्टमध्ये गेलात आणि मला तुमचं नाव कळलं 2017 मध्ये, म्हणजे हे आभार तसेही लेटच आहेत. (नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोठ्यातलं वासरूच डोळ्यासमोर आलं, सॉरी.)

झालं असं की कंपनीच्या कामाने नॉर्थ कॅरोलिनात रालीला आलो होतो, तिथे सप्टेंबरअखेर ब्लूग्रासचा, म्हणजे अमेरिकेतल्या बँजो-फिडलवाल्या गावरान संगीताचा, मोठा फेस्टिवल भरायचा, फेएटविल स्ट्रीट गाड्यांना बंद, जिकडे बघावं तिकडे बँजो नि फिडल. एक आजोबा उभ्याउभ्या असली झकास फिडल वाजवत होते, मी विचारलं कुठे शिकलात, तर म्हणाले कुठेच नाही, वासरचं ऐक.

आता माझं सांगतो. लहानपणी पुण्यात मी व्हायोलिनच्या क्लासला जायचो, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून. दोन वर्षं झाल्यावर सर आईला म्हणाले, याचा हात जड आहे, फी वाया घालवू नका. झालं, व्हायोलिन माळ्यावर.

तुम्ही तर क्लासच्या भानगडीतच पडला नाहीत. सातव्या वर्षी आपलं आपण वाजवायला लागलात, रेडिओवर बिग बँड ऐकत मोठे झालात आणि 1949 मध्ये, विशी जेमतेम ओलांडली होती, थेट ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये. ठीके, असतात अशी माणसं. मला पकडलं ते पुढच्या भागाने, म्हणजे साठच्या दशकात तुम्ही चक्क नोकऱ्या करत होतात, जॉर्जियात पेपर मिल, कधी इन्शुरन्स विकणं आणि केनेडी स्पेस सेंटरला प्लंबिंग! माणूस चंद्रावर जायची तयारी चाललेली आणि तिथे पाइप जोडणाऱ्यांत वासर क्लेमेंट्स. मग 1967 ला परत नॅशव्हिल, आणि 1973 मध्ये, पंचेचाळिशीत, ओल्ड अँड इन द वे हा बँड, ज्यात रॉकवाला जेरी गार्सिया बँजो घेऊन बसलाय नि तुम्ही त्या पोरांबरोबर असे सुटलाय की बस. हे वाचलं त्याच आठवड्यात मी सेकंडहँड फिडल घेतली. वय 38.

तुमची लोनसम फिडल ब्लूज ही धून मी फोनवर अर्ध्या स्पीडला लावतो, चारचार सेकंद, परत मागे, परत मागे, फोनच्या स्क्रीनवर रोझिनची (बोला लावायच्या राळेची) पांढरी पावडर बसलेली. आणि एक दिवस ट्यूब पेटली की तुम्ही सुरावर सरळ येतच नाही, खालून घसरत येता. अहो ही तर मींड! बो, म्हणजे गज, इंचभर जास्त ओढायचा, बोट तारेवरून न उचलता सरकवायचं, आणि इथे माझा जड हात चालतो हो, उलट बराच दिसतो. तुम्हाला मींड हा शब्द माहीत असायचं कारण नाही, पण क्लासची ती दोन वर्षं तुमच्यामुळे वसूल झाली.

सध्या आई आलीये इकडे. पहिल्या दिवशी म्हणाली, खाली सुतार आलाय का रे? म्हटलं नाही, मीच आहे. मग दारात उभी राहून बराच वेळ ऐकत होती आणि म्हणाली, ते घसरतं ना, तेवढंच परत वाजव.

तुमचा,
जड हाताचा एक