२९ नोव्हेंबर नागपूरचाही आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या मानाच्या तारखा आपल्या अंकात दरवर्षी न चुकता येतात. १९२० चे काँग्रेस अधिवेशन, १९५६ ची धम्मदीक्षा. वाचताना ऊर भरून येतो. २९ नोव्हेंबर मात्र येतो आणि जातो, त्याबद्दल एक ओळ कुठे दिसत नाही. म्हणून हे पत्र.

१९७० साली त्या तारखेला, रविवारी, नागपुरातल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपले सीएनआय, जन्माला आले. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून चालली होती. चाळीस वर्षे!

मी तेव्हा नऊ वर्षांचा. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून सीताबर्डीहून सदरला नेले. उतरलो तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि गर्दीत बाबा रुमालाने डोळे पुसत होते, एवढे पक्के आठवते. आम्ही स्कॉटिश मिशनकडचे, म्हणजे वरच्या यादीतल्या युनायटेड चर्चचे. स्कॉटिश मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये नागपुरात आले, तिथून सुरू झालेली ही मंडळी, म्हणजे आमचा चर्चचा समुदाय. आमच्यात बिशप, म्हणजे वरचे धर्माधिकारी, नव्हते; अँग्लिकनांचे बिशपांशिवाय पान हलत नसे. आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीला, इवल्या काचेच्या पेल्या, तिकडे सगळ्यांना मिळून एकच प्याला. त्या प्याल्यासाठी बाबा त्याआधी कधीच पुढे गेले नव्हते.

या एकीचे मोल मला खरे कळले ते घरात. पत्नी बिलासपूरची, डिसायपल्स घराण्यातली. त्यांच्यात बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा विधी, जाणत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडवून; आमच्यात तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी. मुलगा झाला आणि दोन्ही घरांत कुजबुज सुरू झाली. पण सीएनआयने दोन्ही रीती मान्य केलेल्या. पाळकसाहेब म्हणाले, "घरात ठरवा, मंडळीला दोन्ही मंजूर." मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर आपणहून बाप्तिस्म्याला तयार झाला. नातवाचा बाप्तिस्मा लांबला, हे माझ्या आईला इतकी वर्षे सलत होते. त्या दिवशी पाण्यातून वर आलेल्या नातवाचे डोके तिनेच पदराने पुसले.

सगळे गोडच झाले असे नाही. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाने ऐनवेळी माघार घेतली. माझी मावशी त्यांच्यातली, तिला ते फार लागले. पुढे मिळकतींवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. तरी आज अमृतसरपासून अंदमानपर्यंत या चर्चचे धर्मप्रांत आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत. आणि त्याची सुरुवात आपल्या सदरमध्ये झाली, हे नागपूरच्या किती जणांना ठाऊक आहे?

तो दिवस पाहिलेली माणसे एकेक करून जात आहेत. बाबाही गेले. आपल्या दफ्तरात त्या आठवड्याचे अंक असतील, तर त्यातली बातमी यंदा पुन्हा छापावी, ही कळकळीची विनंती. वाचकांपैकी कुणी तिथे हजर असेल तर दोन ओळी जरूर लिहाव्यात. कुणाच्या घरी फोटो असेल, आणि त्यात फाटकाजवळ सायकल धरलेला उंच माणूस व शेजारी एक पोरगा दिसला, तर मला तो पाहायचा आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर