कात्रणामागची तारीख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाचे संकेतस्थळ नव्या रूपात सुरू होत आहे आणि या कामात काही जुने दुवे उघडणार नाहीत, तरी वाचकांनी सहकार्य करावे, असे निवेदन गेल्या आठवड्यात पहिल्या पानाच्या तळाशी वाचले. निवेदन चार ओळींचे होते आणि त्याची भाषा पाणीपुरवठा एक दिवस बंद राहणार असल्याच्या सूचनेसारखी होती. पाणी दुसऱ्या दिवशी येते. हे दुवे परत येणार का, याबद्दल त्या चार ओळींत काहीच नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फोर्टमधल्या एका वृत्तपत्राच्या संदर्भ विभागात मी एकतीस वर्षे नोकरी केली. रोज सकाळी अकरा-बारा दैनिके कापायची, कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवायचे, कागदाच्या पाठीमागे निळ्या शाईचा तारखेचा शिक्का मारायचा आणि त्याखाली पेन्सिलीने पान क्रमांक व आवृत्ती लिहून ते विषयवार पाकिटात टाकायचे, असे ते काम. आवृत्ती कशाला लिहायची, असा प्रश्न नव्याने आलेली मुले हमखास विचारीत. रात्री लवकर सुटणाऱ्या डाक आवृत्तीतली बातमी आणि मध्यरात्रीनंतरच्या शहर आवृत्तीतली तीच बातमी यांत पुष्कळदा फरक असे. मृतांचा आकडा बदललेला असे, तर कधी मथळ्यातला ‘आरोप’ हा शब्द गळलेला असे. आम्ही दोन्ही कात्रणे ठेवीत असू. नंतरची बरोबर निघाली म्हणून आधीची फेकून द्यायची नाही, हा आमच्या विभागप्रमुखांचा दंडक होता, आणि त्याची किंमत मला २००६ मध्ये कळली. गिरण्यांच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्या आठवड्यात आमचे वार्ताहर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपापासूनची पाकिटे घेऊन बसले होते. कोणी, कोणत्या दिवशी, काय कबूल केले होते, हे त्या पिवळ्या पडलेल्या कागदांवर जसेच्या तसे होते.

कागद अमर आहे असे मला म्हणायचे नाही. वृत्तपत्राचा कागद दहा-पंधरा वर्षांत ठिसूळ होतो, घडीवर तुटतो, आणि २६ जुलै २००५ च्या पावसात तळघरातल्या आमच्या काही पाकिटांचा अक्षरशः लगदा झाला होता. ज्या संदर्भासाठी आम्ही अर्धा दिवस धूळ खात असू तो आज घरबसल्या क्षणात मिळतो, याचा आनंद माझ्यापेक्षा जास्त कोणाला झाला असेल असे वाटत नाही. तक्रार वेगळी आहे. छापलेला अंक एकदा विकला गेला की तो संपादकांच्याही हाताबाहेर जातो. संकेतस्थळावरची बातमी मात्र प्रसिद्ध झाल्यानंतरही प्रकाशकाच्याच मुठीत राहते आणि ती कधीही बदलता येते, हलवता येते किंवा काढून टाकता येते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. परळची आमची उपकरप्राप्त इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होऊन चार वर्षे झाली आहेत. गेल्या वर्षी जून महिन्यात एका वृत्त-संकेतस्थळावर (ते आपले नव्हे) आमच्या प्रकल्पाची बातमी आली. रहिवाशांना पर्यायी घरासाठी द्यायचे थकलेले भाडे दिवाळीपूर्वी चुकते करू, असे विकासकाच्या प्रतिनिधीचे विधान तीत होते. मी तो दुवा इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. आठवड्याने सभा भरली आणि आमच्या खजिनदारांनी सर्वांसमोर मोबाइलवर ती बातमी उघडली. मथळा तोच होता, छायाचित्रही तेच होते, मात्र ‘दिवाळीपूर्वी’च्या जागी ‘लवकरच’ असा शब्द आला होता. खाली ‘अद्ययावत’ असे लिहून एक वेळ दिली होती. काय अद्ययावत केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, याचा उल्लेख नव्हता. विकासकाच्या माणसाने शांतपणे विचारले, “यात दिवाळी कुठे आहे?” बेचाळीस कुटुंबांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे पहिल्या दिवशीचा स्क्रीनशॉट होता. तो दाखवला तर असे चित्र कोणीही बनवू शकतो, असे त्यांना ऐकून घ्यावे लागले, आणि आजच्या काळात हे म्हणणे अगदीच खोटे नाही. गणपतीत मी पुन्हा तो दुवा उघडला, तेव्हा थेट मुखपृष्ठ समोर आले. बातमी गेली होती. कदाचित पहिले विधानच चुकीचे छापले गेले असेल आणि दुरुस्ती प्रामाणिक असेल. तसे असल्यास छापील दैनिकात आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला असता, आणि त्यातून निदान आधी काय छापले होते ते कळले असते.

या प्रकारांमागे दर वेळी लबाडी असते असे मी मानत नाही. बातमी लवकर टाकायची आणि मग सुधारत न्यायची, ही आता डेस्कची रोजची पद्धत आहे. शोधयंत्रात वर दिसावे म्हणून मथळा दिवसातून दोन-तीनदा बदलला जातो. जाहिरातीचे पैसे आज किती जणांनी पान उघडले यावर ठरतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची, महिन्यातून एखादा अभ्यासकच उघडणारी बातमी हिशेबात नुसती अडगळ ठरते. नवी संगणक प्रणाली आणली की प्रत्येक बातमीचा पत्ता बदलतो, जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी जोडणी करून द्यायला कोणाला सवड नसते, आणि मग आपण वाचले तसे चार ओळींचे निवेदन येते. हे केवळ मराठीतच घडते असेही नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

मराठीत आणखी एक घोळ आहे. आपली दैनिके प्रथम संकेतस्थळांवर आली तेव्हा अनेकांचे फाँट आपापले, निराळे होते. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय संकेतपद्धतीत, देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ते रुळायला बरीच वर्षे गेली. २००१ साली मी हौसेने सीडीवर उतरवून ठेवलेला एक अग्रलेख मध्यंतरी भाच्याच्या संगणकावर उघडून पाहिला, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी दिसली. त्याच दिवसाचे कात्रण माझ्या कपाटात आहे आणि चष्मा लावला की नीट वाचता येते. अभिजात भाषेच्या दर्जाचा उत्सव आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये केला. त्यानंतर तरी ही खिचडी निवडून ठेवण्याचे काम एखाद्या संस्थेने अंगावर घ्यावे, असे जाता जाता सुचवते.

कायद्याचीही येथे फारशी मदत नाही. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची आणि नंतर केलेल्या दुरुस्तीने वृत्तपत्राचीही एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईतल्या एकासह आणखी तीन ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे, पण तो छापील मजकुरापुरताच. १८६७ चा जुना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, आणि तोही छापील नियतकालिकांपाशीच थांबला. डिजिटल माध्यमांसाठी २०२१ मध्ये केलेल्या नियमांत प्रसिद्ध केलेल्या मजकुराची नोंद जपून ठेवण्याची किमान मुदत साठ दिवस आहे. जूनमधली बातमी दिवाळीत पडताळून पाहायची असेल, तर साठ दिवस कधीच उलटून गेलेले असतात. ब्रिटनने संकेतस्थळांच्या प्रती राखून ठेवण्याचा अधिकार आपल्या ग्रंथालयांना २०१३ मध्येच नियम करून दिला. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होईल, पण प्रत्येक गोष्टीसाठी सरकारकडे पाहायला हवे असे नाही.

आपल्याला स्वतःहून करता येण्याजोगे बरेच आहे. प्रसिद्ध झालेल्या बातमीत तपशिलाचा बदल केला, तर काय बदलले आणि केव्हा, हे एका ओळीत बातमीच्या तळाशी लिहावे. शुद्धलेखनाच्या दुरुस्तीला याची गरज नाही, पण आकडा, नाव आणि कोणाच्या तोंडचे विधान यांना आहे. नवे संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर जाण्याची सोय करून घ्यावी, आणि त्यासाठी उद्घाटन महिनाभर लांबले तरी वाचक कुरकुर करणार नाहीत. तिसरी गोष्ट खर्चाची आहे हे मान्य करून लिहिते: संकेतस्थळावरच्या सर्व मजकुराची प्रत दर महिन्याला आपल्या कचेरीबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था शहरात आहे. तिच्याशी बोलणी करून पाहण्यास हरकत नसावी. प्रत दुसऱ्याच्या कपाटात असली की ती गुपचूप बदलता येत नाही, एवढ्यासाठीच बाहेरच्या संस्थेचा आग्रह धरते आहे.

हे पत्र छापण्याजोगे वाटले, तर ते मुंबई आवृत्तीत आले की सर्व आवृत्त्यांत, आणि संकेतस्थळावर घेताना त्यात काही काटछाट केली का, एवढे कृपया कळवावे. कात्रणाच्या पाठीमागे लिहून ठेवावे लागेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संदर्भ-सहायक
परळ, मुंबई