दादा, शहाबादी काढू नकोस

आइंडहोवन, नेदरलँड्स

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

आईचं गुडघ्याचं दुखणं कमी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. कंत्राटदाराचा अंदाजही मिळाला. सगळीकडे नवी फरशी, नवं स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम आणि रंग मिळून साडेसात लाख! घर विकायच्या आधी एवढा पैसा त्यात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुरारजी पेठेतलं आपलं घर १९८६ सालचं. ते घेणारा एक तर पाडून नवं बांधेल, म्हणजे तो पैसे मोजणार ते जागेचे. नाहीतर राहायला येईल आणि ओटा, टाइल्स आपल्या पसंतीच्या करून घेईल. आपले साडेसात लाख भावात वसूल होतील असं मला तरी दिसत नाही. आणि शहाबादी का उखडायची? मे महिन्यात दुपारी आई त्यावर पाणी शिंपडून आडवी व्हायची, ती काय उगीच? इतक्या वर्षांत फरशी कुठे खचली नाही. घासून पॉलिश करून घे, पुरे.

गच्चीचं मात्र टाळू नकोस. वहिनींनी पाठवलेल्या फोटोत देवघराच्या कोपऱ्यात पोपडे सुटलेत, तपकिरी डाग भिंतीवर उतरलाय आणि एका जागी गंजलेली सळई उघडी पडलीय. त्यावर नुसता रंग मारला तर पहिल्या पावसात डाग परत येईल, आणि घर घेणारा आयुष्यभर आपल्या नावानं बोटं मोडेल. इथे घेणारा आधी तज्ज्ञ आणून घर तपासून घेतो, तिथे तसं कोणी करत नाही म्हणून आपण लपवावं हे बाबांना पटलं नसतं. फुगलेला कोबा उकरून नवा करून घे, पाण्याचा ढाळ नीट काढायला सांग. सळई साफ करून मगच गिलावा. आणि हे सगळं पावसाळ्याआधी. हौदही धुऊन घे. सोलापुरात रोज पाणी येत नाही, त्यामुळे बघायला येणारा आधी हौद केवढा आणि बोअरला पाणी आहे का, तेच विचारणार.

खरा वेळ कागदांना लागेल. मिळकत पत्रिकेवर अजून बाबांचंच नाव आहे. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून आई, तू आणि मी अशी तिघांची नावं लागू देत. महापालिकेच्या मिळकतकराची बाकी बघ. मागची खोली नंतर वाढवली होती, ती मंजूर नकाशात आहे का? कर्ज काढून घेणारा असेल तर त्याची बँक तिथेच अडेल. नव्या टाइल्सपेक्षा मला या खोलीची काळजी जास्त वाटते.

कराचंही आत्ताच ठरवू. घर २००१ च्या आधीचं, म्हणून नफा काढताना १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेऊन ठेव. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईची वजावट, म्हणजे महागाईनुसार मूळ किंमत वाढवून धरणं, नाही. तुला आणि आईला जुन्या पद्धतीनं, म्हणजे वजावट घेऊन २० टक्क्यांनी हिशेब करून कमी येईल तो भरता येतो. मी अनिवासी, मला ती सवलत नाही. शिवाय माझ्या हिश्शावरचा टीडीएस, म्हणजे घेणाऱ्यानं पैसे देतानाच कापायचा कर, वेगळा आणि जास्त. आयकर खात्याचा कमी कपातीचा दाखला नसेल तर घेणारा नफा न बघता पूर्ण रकमेवर कापेल. तो अर्ज मी करते, पण माझं अनिवासी असणं विसारपत्राच्या आधीच त्याच्या कानावर घाल. गच्चीच्या कामाचं पक्कं बिल घे, पैसे बँकेतूनच दे. त्यातलं काय धरता येईल ते सीए सांगतील.

मुखत्यारपत्र मी हेगच्या भारतीय दूतावासात करून पाठवते. मसुदा आपल्या वकिलांकडून आण. त्यात घराचा सिटी सर्व्हे नंबर बरोबर आहे ना, ते वहिनींनी एकदा नजरेखालून घालावं, त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही.

गच्चीच्या कामाचे निम्मे पैसे मी या महिन्यातच पाठवते, नाही म्हणू नकोस. आणि आईला विचार, देवघराचं सागवानी कपाट तिला जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर हवंय का. हवं असेल तर लोकांना घर दाखवायच्या आधीच हलव.

तुझी,
छोटी